शंभर नंबर, लाइनी तीस

परवा एका साखर कारखान्याच्या ऑफिसात साहेबांनी बिल पुढं सरकवलं. "पत्रकार, लाइनचं भाडं समजलं. पण ह्या शंभर नंबरांचे वेगळे पैसे कशाचे?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी नंबर म्हणजे खांबावरून आलेली तारेची जोडी आणि एक्सचेंजात तिची ठरलेली जागा. भाडं तारेचं, नंबर तिच्यासोबतच. मोठ्या ऑफिसात ऑपरेटर बसायचा, तो आत जोडून द्यायचा. मग थेट डायलिंग आलं. एक्सचेंज शेवटचे आकडे ऑफिसातल्या यंत्राला कळवतं, ते नेमका त्या टेबलावरचा फोन वाजवतं. पीआरआय लाइनवर एका वेळी बोलणी ३०च, नंबर मात्र १०० घेता येतात. ऑफिसच्या तारा वाचल्या. कंपन्यांचं तेवढं भाडं बुडालं, ते नंबरांवर निघू लागलं. हे आपलं माझं मत.

कंपन्या म्हणतात, नंबर मर्यादित आहेत. आहेतच. आपला परंड्याचा कोड ०२४७७, पुढं सहा आकडे, बीएसएनएलचा पहिला २. म्हणजे एक लाख नंबर परंड्यासाठी अडकलेले! लँडलाइन उरल्या किती, ते आपापल्या गल्लीत बघा. खरी ओढाताण मोबाइलची. म्हणून तर १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो.

पण कंपन्यांना हे नंबर सरकारकडून मिळतात मोफत. त्यांना शुल्क लावावं का, अशी विचारणा ट्रायनं जून २०२४ मध्ये केली. गदारोळ झाला, ग्राहकावर बोजा टाकणार नाही असा खुलासाही आला.

साहेबांना म्हटलं, शंभरातले वाजतात किती, ते आधी मोजा. मोजले. अकरा निघाले.