हवेतील कोलांटउडी : अंकलखोप ते तलश्शेरी

१/ हवेत कोलांटउडी घेण्याचे कसब महाराष्ट्राला नवे नव्हते. डोंबारी आणि कोल्हाटी ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासत आले होते. त्याला सर्कशीचा तंबू मिळवून दिला तो आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी.

२/ १८७९ मध्ये चिआरिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. पुढच्याच वर्षी, मार्च १८८० मध्ये, अश्वविद्येत निष्णात असलेल्या छत्रेंची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली.

३/ या उडीचे गणित निर्दय असते. पाय सुटल्यावर गिरकीला नवे बळ मिळत नाही. अंग आवळले की गिरकी वेगावते, उलगडले की मंदावते. उलगडण्यास निमिषभर उशीर झाला, तर गाठ जमिनीशी असते.

४/ असे कसब केवळ धाडसाने वाढत नाही. त्याला शाळा लागते. ती केरळातील तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी उभारली. छत्रेंशी झालेल्या बोलीनुसार १८८८ पासून ते सर्कशीसाठी कसरतपटू घडवू लागले. भारतीय सर्कशीतील झुलेपटूंची परंपरा तेथूनच बहरली.

५/ आज बर्फावर कोलांट्या घेणारे स्कीपटूही आधी पाण्याच्या तलावात उड्या मारून सराव करतात. प्रेक्षकांना दिसते ती उडी. तिला जिवंत जमिनीवर उतरवते ती तालीम.