शिंपल्यातले विष

शिनाणे, तिसऱ्या, कालवे हे जीव घातक विष स्वतः तयार करत नाहीत. पाणी गाळून अन्न मिळवताना विषारी सूक्ष्म शैवल त्यांच्या पोटात जाते आणि विष मांसात साठते. एवढी गोष्ट कळायला पहिल्या नोंदलेल्या बळीनंतर जवळजवळ दीड शतक जावे लागले.

जून १७९३ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतील काही खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर न्याहारीला शिनाणे भाजून खाल्ले. थोड्याच वेळात त्यांचे तोंड व हातपाय बधिर होऊ लागले. घाम निघाला की विष उतरेल, या समजुतीने ते वल्ही मारत राहिले. जॉन कार्टर त्याच दुपारी दगावला, बाकीचे वाचले. १७९९ मध्ये अलास्कात सिटकाजवळ रशियन फर व्यापाऱ्यांसाठी राबणारे शंभरावर स्थानिक शिकारी असेच मेले.

१९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात १०२ जण आजारी पडले, सहा मेले. त्यानंतर हर्मन सॉमर आणि कार्ल मेयर यांनी शिंपल्यांबरोबर समुद्राचे पाणीही तपासायला घेतले. पाण्यात एक विशिष्ट द्विकशाभिकी (डायनोफ्लॅजेलेट) शैवल वाढले की शिंपल्यांतील विषही वाढते, हे त्यांनी १९३७ मध्ये मांडले. विषाचे मोजमाप मात्र उंदीर किती मिनिटांत मरतो यावरच होत राहिले.

अलास्काच्या सॅक्सिडोमस शिंपल्यांतून एडवर्ड शान्ट्झ यांच्या गटाने १९५७ मध्ये हे विष, म्हणजे सॅक्सिटॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळे केले. त्यांची प्रयोगशाळा अमेरिकी लष्कराची होती आणि लष्कराला त्यात रस असण्याचे कारण उघड होते. १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या अमेरिकी यू-२ हेरविमानाच्या वैमानिकाकडे याच विषाची सुई होती. १९७० मध्ये या विषाचा साठा नष्ट करण्याचा आदेश निघाला. तरी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने सुमारे ११ ग्रॅम दडवून ठेवले, ते १९७५ मध्ये सिनेटच्या चौकशीत उघडकीस आले.

रेणूची रचनाही १९७५ मध्येच निश्चित झाली. त्यातील धनभारित ग्वानिडिनियम गट मज्जापेशीच्या सोडियम मार्गिकेच्या तोंडाशी बसतो. सोडियम आत शिरत नाही, संदेश थांबतो आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत असते. उतारा नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर रोग्याला तगवले, तर विष लघवीवाटे निघून जाते. शिजवून ते नाहीसे होत नाही, म्हणून १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष आढळले की अनेक देशांत शिंपल्यांची विक्री बंद केली जाते.