लाल मातीतला ड्रिबल

कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. बाहेरच्याला वाटेल, कुस्तीच्या फडाची यादी आहे. त्याचं फारसं चुकत नाही. शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) पेठापेठांत कुस्ती फोफावली, खासबाग मैदान उभं राहिलं. पुढे त्याच तालमींच्या कट्ट्यांवर फुटबॉल रुजला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आली. शिवाजी पेठेने शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा आणि संध्यामठ असे संघ जोपासले.

तालमीने या खेळाला घर दिलं, पैसा दिला, गर्दी दिली. माझ्या मते एक सवयही दिली: समोरच्याला एकट्याने चीत करायची. शाहू स्टेडियमवर कुणी दोघांना चकवलं की गॅलरी उभी राहते. पाच पास सलग जोडले, तर मागून हाक येते, "अरे मार की लेका!"

यात कोल्हापूरचं वेगळं काही नाही. इंग्रजसुद्धा असंच खेळायचे, कारण नियमच तसा होता. १८६३ च्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला साथीदार ऑफसाइड. मग पास देणार कुणाला? चेंडू घेऊन पळायचं, बाकीचे मागून धावणार. १८६६ मध्ये सूट मिळाली: पुढच्या साथीदारासमोर विरुद्ध संघाचे तीन जण असतील तर चालेल. ती सूट खऱ्या अर्थाने वापरली स्कॉटलंडने. १८७२ मध्ये ग्लासगोला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा त्यांचे अकराही जण क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. रोज एकत्र खेळणारे. निकाल ०-०. पण १८८१ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी इंग्लंडला ६-१ ने हरवलं, तेव्हा पास ही भित्र्यांची सोय नाही हे इंग्रजांना कळलं.

आपल्याकडे हे काम हैदराबादच्या एका शाळामास्तरांनी केलं. सय्यद अब्दुल रहीम मुलांसाठी ड्रिबल करायला बंदी असलेले सामने भरवत. चेंडू आला की लगेच द्यायचा. त्यामुळे चेंडू येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं, आणि पास दिल्यावर उभं न राहता मोकळ्या जागेत पळावं लागतं. तिघांचा त्रिकोण सतत सरकत राहिला की बचावपटूला कुणाला धरावं तेच कळत नाही. (सगळा भार एका सर्व्हरवर टाकला की काय होतं, हे आमच्या धंद्यात रात्री दोनला कळतं.) रहीम यांचा संघ १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला, १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकला.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याआधी तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला होता. पेठेत अंगभूत चपळाई कमी नाही. मान वर करायची सवय मात्र दहाव्या-बाराव्या वर्षी लागते, विसाव्या वर्षी लावायला फार कष्ट पडतात. चार विरुद्ध दोन, प्रत्येकाला दोनच टच, अर्धा तास: याला मोठं मैदानही लागत नाही, बोळ पुरतो. अडचण प्रेक्षकांची आहे. शिवाजी विरुद्ध पाटाकडील सामना असताना मागे दिलेला शहाणा पास गॅलरीला माघार वाटतो, आणि पोरगं पुढच्या वेळी तो देत नाही.