दातांची शोभा आणि दातांची गरज

काही वर्षांपूर्वी माझ्या मेजावर एक लहानशी फाईल आली. कचेरीतला एक शिपाई सायकलवरून पडला होता आणि त्याचे वरचे समोरचे दोन दात मुळासकट निखळले होते. शेजारच्या दातांचा आधार घेऊन तेथे कायमचे कृत्रिम दात बसवावेत, असा दंतवैद्याचा सल्ला होता. त्या खर्चाचे अंदाजपत्रक जोडून त्याने पूर्वमंजुरी मागितली होती. आम्हांला लागू असलेल्या नियमांत दात काढणे, दात भरणे, हिरड्यांचे उपचार यांना स्पष्ट जागा होती. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराला मात्र नव्हती. मी शेरा लिहिला : "शोभेची बाब. सबब अमान्य."

ही ओळ लिहिताना मला फारसा विचार करावा लागला नाही. तो मागाहून आला. दाताच्या बाबतीत शोभा कोठे संपते आणि गरज कोठे सुरू होते, हे सरकारी नियमाला जितक्या सहजपणे कळते तितक्या सहजपणे ते इतिहासाला कळलेले दिसत नाही.

आमच्या घरी माझ्या पणजीचे एक जुने छायाचित्र आहे. त्यात तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. पण आजी सांगत असे की तिचे दात जांभळासारखे काळेभोर होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. ती दातवण लावीत असे. आज 'दातवण' हा शब्द उच्चारला तर लोकांना दात घासण्याची काडी आठवते. आपल्या पणज्यांच्या काळी मात्र तो हिरडा, लोखंडाचा कीस, मोरचूद इत्यादींपासून केलेल्या, दात काळे करणाऱ्या पुडीचाही वाचक होता. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग झाला की गडद काळा रंग उत्पन्न होतो. आपले जुने कारकून ज्या शायांनी दप्तरे लिहीत, त्यांतल्या काहींतही हेच रसायन असे. एकाच रसायनाने बाहेर दप्तर लिहिले जाई आणि माजघरात दात रंगविले जात, ही गंमत मला फार उशिरा कळली. काळे दात हे सौभाग्याचे एक लेणे समजले जाई. जपानातही लोह आणि तुरट द्रव्य यांनीच दात काळे करण्याची चाल होती. तेथील सरकारने १८७० साली सरदार घराण्यांना ती मना केली आणि १८७३ साली स्वतः सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढला नाही. शाळा, आरसा, छायाचित्र आणि दंतमंजनाच्या जाहिराती यांनी दोन-तीन पिढ्यांत ते काम निमूटपणे केले. आज ज्या शुभ्रतेसाठी लोक दंतवैद्याकडे पैसे मोजतात, ती माझ्या पणजीला बहुधा उघडीबोडकी वाटली असती.

सोन्याचीही तीच कथा. समोरच्या दातात सोन्याची टिकली बसविण्याची हौस पूर्वी अनेक सधन घरांतून असे. ती शोभाच खरी; पण तिच्यामागे दुसरेही एक कारण सांगत. मरणसमयी मुखात सोने असावे अशी श्रद्धा आहे. ऐन वेळी कोणी जवळ असो वा नसो, दातातले सोने तेथे असणारच! या टिकलीला आमच्या नियमाने कोणत्या सदरात घातले असते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

उपचारांचा इतिहास मात्र बराच काळ दात काढण्याचाच आहे. सुश्रुतसंहितेत मुखाचे पासष्ट रोग सांगितले असून त्यांतले आठ दातांचे आणि पंधरा दंतमुळांचे आहेत. दातांवर साचलेली दंतशर्करा, म्हणजे कीटण, मुळाला इजा न करता खरवडावी, असे तेथे म्हटले आहे. आजचा दंतवैद्य दात साफ करतो तेव्हा तेच करतो. वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, अतिरक्तस्राव होऊन अनर्थ ओढवेल, असा इशाराही आहे. गावोगावच्या न्हाव्याला आणि वैदूला हा इशारा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दातात किडा असतो या समजुतीने रिंगणीच्या बियांची धुरी देत, आणि तिने भागले नाही तर दात उपटीत. किडा नसून तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते, ही उपपत्ती मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मांडली. दात उपटण्याऐवजी भरून राखता येतो, या विचाराला तेव्हा कोठे भक्कम पाया मिळाला.

युरोपातही त्यापूर्वी फारसे निराळे चित्र नव्हते. पिएर फोशार याने १७२८ साली पॅरिसमध्ये दंतशस्त्रक्रियेवर पहिला सांगोपांग ग्रंथ लिहिला. तरीही १७८९ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा. ती हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात यांची असे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले, हे वाचून आजही अंगावर काटा येतो. १८५० नंतर गंधक मिसळून कठीण केलेले रबर आले आणि कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्या रबराची जागा गुलाबी ॲक्रिलिकने घेतली.

दातात 'चांदी भरणे' हा वाक्प्रचार आपल्या घराघरांत रुळला. पण त्या चांदीत निम्मा पारा असतो. पाऱ्यावरून अमेरिकेतील दंतवैद्यांत १८४० नंतर असे वितुष्ट आले की त्यांची पहिली राष्ट्रीय संघटनाच त्यात मोडली. २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर हा पारा कमी करीत जाण्याचे धोरण आहे. त्याची जागा घेणारे दाताच्याच रंगाचे भरण दोन शोधांतून आले. दाताच्या कवचावर सौम्यसा आम्लप्रयोग केला तर त्यावर राळ घट्ट चिकटते, हे ब्युओनोकोर याने १९५५ साली दाखविले. आणि काचेच्या भुकटीने बळकट केलेली राळ बोवेन याने १९६२ च्या सुमारास सिद्ध केली. मोडलेल्या दाताचा कोपरा आज एका बैठकीत भरून निघतो, तो या दोघांच्या कृपेने. स्वीडनच्या ब्रोनेमार्क याने १९६५ साली जबड्याच्या हाडात टायटॅनियमची मुळे रोवली, तेव्हा निखळलेल्या दातालाही नवे मूळ मिळाले.

निव्वळ शोभेचे खाते मात्र हॉलिवूडने उघडले. १९३० च्या आसपास चार्ल्स पिंकस हा दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरती पातळ कवचे चिकटवून देई. जेवताना ती काढावी लागत. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली म्हण इतक्या शब्दशः खरी झालेली दुसरीकडे आढळणार नाही.

आपल्या देशात या विद्येचे रीतसर शिक्षण १९२० साली कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. तोवर, आणि त्यानंतरही, दात बसविण्याचे काम बहुतांशी वंशपरंपरेने शिकलेल्या कारागिरांकडे होते. त्यांत चीनच्या हूपे प्रांतातून आलेली कुटुंबेही होती. मुंबई-कलकत्त्यातील चिनी दंतवैद्यांच्या पाट्या जुन्या मंडळींना आठवत असतील. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या साऱ्यांना एका नोंदवहीत आणले. तिचे दोन भाग केले : 'अ' भागात पदवीधर, आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर उपजीविका करणारे. कायदा करणाऱ्यांनी व्यवहार ओळखला होता, असे मला वाटते. पदवीधर मूठभर आणि दुखणारे दात कोट्यवधी असताना 'ब' भाग बंद ठेवणे म्हणजे रोग्याला वाऱ्यावर सोडणे झाले असते. मात्र हा दरवाजा काही काळापुरताच उघडा होता. तो मिटल्यावर जे बाहेर राहिले ते कारागीर, त्यांचे मुलगे आणि त्यांची गिऱ्हाइके कोठे गेली, हे कायद्यात लिहिलेले नाही.

ती कोठे गेली हे बंगळूरच्या किल्ल्याच्या परिसरात दिसते. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले हेच ते शहर. किल्ल्याचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. तेथेच १९०० सालचे व्हिक्टोरिया रुग्णालय, आणि तेथेच १९५८ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय. त्याच परिसरात, कृष्णराजेंद्र मार्केटजवळच्या पदपथावर, चादरीवर दातांच्या ओळी मांडून बसणारे दंतकार कित्येक वर्षे आपला धंदा करीत आले. २०११ साली वृत्तसंस्थांनी त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचविली. आपोआप घट्ट होणारी गुलाबी राळ हिरडीवर थापून ते नवा दात शेजारच्या दातांना जोडून देतात. दहा-पंधरा मिनिटांत काम, आणि खर्च मजुराच्या खिशाला झेपेल इतका. तो दात काढून धुता येत नाही. त्याच्याखाली अन्न कुजते. महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. पण तेथे रांगेत दिवस जातो, आणि रोजंदारीवाल्याचा बुडालेला दिवस कोणी भरून देत नाही.

बंगळूरहून ईशान्येस कोलार आणि चिक्कबळ्ळापूरकडे गेले की शोभेचा प्रश्न निराळे रूप घेतो. तेथे पाण्यात फ्लोराइड अधिक. विंधनविहिरी जसजशा खोल गेल्या तसतसा हा प्रश्न बिकट झाला. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागांतही तो आहे. लहानपणी असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या कायमच्या दातांवर तपकिरी डाग उमटतात. भारतात या विकाराची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून झाली. डाग सौम्य असतील तर दात दुखत नाहीत, चर्वणातही उणे नसते. आमच्या नियमाच्या दृष्टीने तेथे काही बिघडलेलेच नाही! पण तेथल्या मुली हसताना तोंडावर हात धरतात आणि सोयरिकीच्या बोलण्यात दातांचा विषय निघतो. वरचा थर घासून किंवा धवल करून, अथवा त्यावर राळेचे पातळ आवरण देऊन हे डाग झाकता येतात. या उपचाराला शोभा म्हणण्यास माझी लेखणी आता धजणार नाही.

त्या शिपायाची फाईल मी विसरून गेलो होतो. महिन्याभराने तो चहा घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडात दोन नवे, जरा जास्तच पांढरे दात दिसले. कोठे बसविलेस, असे विचारता तो कानडीत "मार्केटजवळ, साहेब" एवढेच म्हणाला आणि हसला. सहा-सात महिन्यांत त्याच्या हिरड्या सुजल्या, पू झाला, आणि ज्या दोन चांगल्या दातांना ते खोटे दात जोडले होते तेही एका खाजगी दवाखान्यात काढावे लागले. त्याचे बिल माझ्याच मेजावर आले. मी ते त्याच दिवशी मंजूर केले. दात काढण्याला नियमात स्पष्ट जागा होती.