बापाचे पत्र, मुलाचे पत्र

शाळेत असताना स्नेहसंमेलनातल्या नाटकाच्या कपड्यांचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे असे. पंधरा दिवस आधी मी कपडेपटवाल्यांना पोस्टकार्ड टाकायचे: मावळे 4, सरदार 2, जिजाबाई 1, दाढ्या 3. एका वर्षी शिवाजीमहाराजांवरच्या नाटकाची पेटी उघडली, तर आत सगळ्या पेशवाई पगड्या! मी इतिहास शिकवणारी. मला रडू यायचेच काय ते बाकी होते. पेटी बदलून मिळायला वेळ नव्हता. नाटक झाले, टाळ्या पडल्या, पगड्यांबद्दल एकाही पालकाने विचारले नाही.

परवा भाचीने फोनवर विचारले, "मावशी, कपडे चुकले तर नाटक चुकतं का गं?" तिला फोनवर नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हे टिपण.

एडवर्ड विल्यम गॉडविन हा इंग्लंडमधला वास्तुशिल्पी. जन्म ब्रिस्टलचा, 1833 चा. नॉर्दॅम्प्टनचे नगरभवन त्याचे. पण त्याचा जीव नाटकात. 1874-75 मध्ये त्याने 'द आर्किटेक्ट' या नियतकालिकात शेक्सपिअरच्या नाटकांतल्या इमारती आणि पोशाख यांवर लेखमाला लिहिली. कुठले नाटक कोणत्या काळात घडते, तेव्हा घरे कशी होती, लोक काय नेसत, असा सगळा काथ्याकूट. (मला हा माणूस पहिल्यापासूनच आवडला, हे वेगळे सांगायला नको.) पुढे 1883 मध्ये लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात विल्सन बॅरेट या नटाने 'क्लॉडियन' हे नाटक आणले. काळ इसवी सन 360 ते 460, सुरुवात बायझँटियममध्ये. त्या काळातली वास्तू आणि पोशाख यांबद्दल गॉडविनने बॅरेटला लांबलचक पत्र लिहिले आणि ते पुस्तिका म्हणून छापलेही गेले. ऑस्कर वाइल्डने 1885 च्या लेखात या नाटकाची वाखाणणी केली. त्याचे म्हणणे असे, की बारीकसारीक तपशील अचूक होते, तरी ते प्रेक्षकाच्या डोळ्यांत खुपत नव्हते. हे जमणे सोपे नाही हो. आमच्याकडच्या ऐतिहासिक नाटकांत तपशील खुपतात तरी, नाहीतर नसतात तरी.

गॉडविन आणि प्रसिद्ध नटी एलन टेरी यांचे लग्न झालेले नव्हते, पण ती काही वर्षे एकत्र राहिली. त्यांना दोन मुले झाली. थोरली एडिथ, तीही पुढे नाटकांचे कपडे करू लागली. धाकटा एडवर्ड गॉर्डन क्रेग, जन्म 1872. मुले लहान असतानाच आईबाप वेगळे झाले. 1886 मध्ये गॉडविन वारला तेव्हा क्रेग चौदा वर्षांचा होता.

हा मुलगा मोठा झाला आणि बापाच्या बरोब्बर उलट बोलू लागला. नाटकाच्या नव्या कलावंताने पोशाखांच्या इतिहासाच्या पुस्तकांकडे संशयाने बघावे, आधी स्वतःच्या मनाने कपडा कल्पावा, असे त्याने लिहिले. मॉस्कोत स्तानिस्लावस्कीबरोबर त्याने 'हॅम्लेट' केले. 1908 ला सुरू झालेले काम रंगमंचावर यायला 1912 उजाडले. त्यात राजा-राणीच्या खांद्यांवरून एक अवाढव्य सोनेरी झगा सगळ्या रंगमंचावर पसरलेला आणि त्याच्या भोकांतून दरबाऱ्यांची मुंडकी वर आलेली. हॅम्लेट तेवढा बाजूला, काळ्या कपड्यांत. डेन्मार्कात असे कुणी कधी नेसले नसेल! पण ओशाळ दरबार म्हणजे काय, हे त्या एका वस्त्रात येते.

गंमत पुढेच आहे. 1908 मध्ये त्याने फ्लॉरेन्सहून 'द मास्क' नावाचे मासिक सुरू केले आणि त्यात बापाची ती जुनी लेखमाला पुन्हा छापली. जे मत पटत नाही तेच आपल्या मासिकात! मला वाटते बापाला भेटण्याची त्याची ती रीत असावी.

आता आपल्याकडचा धागा. कोलंबोत जन्मलेले पंडित आनंद कुमारस्वामी आणि क्रेग यांचा पत्रव्यवहार होता. कुमारस्वामींनी दुग्गिराला गोपालकृष्णय्या यांच्यासह नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'चा इंग्रजी अनुवाद केला आणि तो 1917 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातर्फे निघाला. त्याच्या प्रस्तावनेत क्रेगच्या पत्राचा मोठा उतारा आहे. पत्राचा आशय असा: तुमच्याकडे नटांना शिकवण्याचे शास्त्रग्रंथ असतील तर मला कळवा. पूर्वेच्या तयार मालाची मला धास्ती वाटते, कारण आमची माणसे त्याच्या नवलाईवर भाळतील आणि वरवरची नक्कल करतील. मला तुमच्या शिकवणाऱ्यांची शिकवण हवी आहे.

ग्रंथात त्याला काय मिळाले असेल? मान हलवण्याचे चार प्रकार, दृष्टीचे आठ, डोक्याचे नऊ, एका हाताच्या मुद्रा अठ्ठावीस. कपड्यांना शास्त्रात शब्द आहे, आहार्य अभिनय. म्हणजे कपडा हाही अभिनयच. पण ग्रंथात त्याचा विस्तार फारसा नाही. आरंभीच्या नमनात मात्र चंद्र-तारे हेच शंकराचे आहार्य म्हटले आहे.

हे पत्र वाचले आणि मला त्या संमेलनाच्या रात्रीची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एका मावळ्याच्या डोक्यावर पगडी बसेना. पोरगा शेतकऱ्याचा. तो विंगेत गेला, वडिलांकडून जुने धोतर मागून आणले आणि बघता बघता झकास मुंडासे बांधून उभा राहिला. आरसासुद्धा नाही. आणि मी त्याला म्हटले, "सोड ते. चौघे सारखे दिसले पाहिजेत." त्याने निमूट सोडले. पगडीत कागदाचे बोळे कोंबून मी ती त्याच्या डोक्यावर बसवली.

तर भाचीबाई, चूक कुठे झाली ते तुझे तू ठरव. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल.