कावीळ, पाणी आणि डुक्कर

परभणी जिल्ह्यांत देवगांव फाटा नांवाचें एक ठिकाण आहे. एका वाटेच्या जेथें दोन वाटा होतात, त्या जागेस मराठींत फाटा म्हणतात. वाटसरूनें तेथें क्षणभर थांबून कोणती वाट कोठें जाते याची चौकशी केली नाहीं, तर सारा दिवस फुकट जातो. काविळीच्या एका जातीच्या इतिहासांतहि असाच एक फाटा लागला, आणि तेथें थांबून चौकशी करण्याचें काम पुण्याच्या संशोधकांनीं केलें.

१९५५ च्या डिसेंबरांत दिल्लींत काविळीची मोठी साथ उद्भवली. यमुनेचा प्रवाह बदलल्यामुळें नजफगड नाल्याचें मैलापाणी शहरासाठीं पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत जाऊन पोंचलें. क्लोरिनची मात्रा वाढविण्यांत आली. तिनें विषमज्वराचे जंतु आवरले. परंतु काविळीचा विषाणु कांहीं आवरला नाहीं. सुमारें २९,३०० लोकांस उघड कावीळ झाली. या रोगाचा घाला गर्भवती स्त्रियांवर विशेष क्रूर पडतो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तो जडल्यास शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रिया दगावल्याचीं उदाहरणें आहेत.

पुढें 'ए' या अक्षरानें ओळखली गेलेली नेहमींचीच ही कावीळ, अशी त्या काळीं समजूत होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने मात्र जपून ठेवलेले होते. १९८० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील आणि अमेरिकेंतील संशोधकांनीं ते नव्या कसोट्यांवर तपासले, तेव्हां 'ए' आणि 'बी' या दोहोंपैकीं एकहि विषाणु या साथीचें कारण नव्हता, असें दिसून आलें. काश्मीरमधील साथीवरून डॉ. खुरू हेहि त्याच वर्षीं तशाच निर्णयास आले. पुढें १९८३ मध्यें मॉस्कोचे बालायान यांनीं रुग्णांच्या मळाचा अर्क स्वतः प्राशन केला, दुखणें ओढवून घेतलें आणि तो विषाणु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून पाहिला. १९९० मध्यें त्याची जनुकीय ओळख पटली. 'ई' कावीळ ती हीच.

१९९७ सालीं फाटा आला. अमेरिकेंतील डुकरांत याच कुळांतील एक विषाणु सांपडला, आणि तेथील कांहीं रुग्णांतील विषाणूशीं त्याचें निकटचें साम्य आढळलें. साहजिकच प्रश्न उभा राहिला: आपल्या गांवोगांवीं उकिरड्यावर हिंडणारीं डुकरेंच ही साथ पसरवितात काय? संशय घेणें सोपें होतें. कारण ज्या प्राण्याचा आधींच तिटकारा, त्याच्या माथीं दोष मारण्यास पुराव्याची वाट कोण पाहतो?

पुण्याच्या संस्थेनें ती वाट पाहिली. डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम भारतांतील माणसांचे व डुकरांचे विषाणु ताडून पाहिले. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. माणसांतील विषाणु पहिल्या जातीचा, तर डुकरांतील चवथ्या जातीचा होता. घराणें एक, पण शाखा भिन्न. येथील साथींचा दोष डुकरांकडे जात नव्हता. तो नळांत शिरणाऱ्या गटाराकडे जात होता. १९८१ सालीं कोल्हापुरांत पसरलेली कावीळहि पाण्यांतूनच आली होती, आणि २०१२ सालीं इचलकरंजीनें तोच अनुभव घेतला.

तथापि दुसरी वाट खोटी नव्हे. २००३ सालीं जपानांत हरणाचें कच्चें मांस खाल्लेल्या दोन कुटुंबांतील माणसें आजारी पडलीं. उरलेलें मांस बर्फांत ठेवलेलें होतें. त्यांतील विषाणु व रुग्णांतील विषाणु एकच निघाला. पहिली व दुसरी जात माणसांतच वावरते. तिसरी व चवथी डुकरें, रानडुकरें, हरणें यांच्याकडून माणसांत येऊं शकते. म्हणून आपल्याकडील डुकरांतील चवथ्या जातीविषयींहि निर्धास्त राहून चालणार नाहीं. मांस पुरतें शिजविलेलेंच खाल्लें पाहिजे.

परंतु या दोन वाटांची गल्लत केल्यास हानि दुहेरी होते. डुकरें पाळून पोट भरणाऱ्या गरिबावर विनाकारण ठपका येतो, आणि फुटलेला नळ गटाराशेजारीं तसाच झिरपत राहतो. साथीचें वर्तमान कानीं येतांच गृहिणीनें पाणी उकळावें, घरांतील गर्भवतीस आधीं जपावें. आणि नगरपालिकेनें डुकरांमागें धांवण्यापूर्वीं आपल्या नळांचा मार्ग तपासावा.