वेगमर्यादा, शाळा-परिसर व वाहन उभे करण्यावरील निर्बंध (चंद्रपूर–गडचिरोली)

सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन किती वेगाने चालवावे, कोठे थांबवावे व कोठे थांबवू नये, हे ठरविणारे कायदेशीर निर्बंध. त्यांचे मुख्य उगमस्थान मोटार वाहन अधिनियम, 1988 हे आहे. 1939 च्या जुन्या अधिनियमात वेगाचे कलम 71 वे होते. तो झाला तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले, 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. 1988 चा अधिनियम 1 जुलै 1989 पासून अमलात आला व आता वेगाचे कलम 112 वे आहे.

या कलमाची रचना दुहेरी आहे. कमाल मर्यादा केंद्र सरकार वाहनाच्या वर्गानुसार राजपत्रात ठरवते. 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत चालकाखेरीज आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100, तर पालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर 70 किमी. अशी मर्यादा दिली आहे. मालवाहू वाहने व मोटारसायकलींना ‘इतर रस्त्यांवर’ 60 किमी. आहे. धानोरा, एटापल्ली किंवा सिंदेवाहीकडे जाणारा जंगलातला दुपदरी रस्ता या ‘इतर’ सदरात पडतो. त्यामुळे स्थानिक आदेश नसेल, तर गावातल्या शाळेपुढूनही मोटार 70 ने नेणे निव्वळ वेगमर्यादेच्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. (बेदरकार चालवल्याचा आरोप ही वेगळी गोष्ट.)

केंद्राच्या आकड्याखाली उतरायचे असेल, तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने पुढे यावे लागते. जिल्ह्यात असे आदेश बहुधा जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने काढतात. कारणे कलमातच दिली आहेत : सार्वजनिक सुरक्षितता, सोय, अथवा रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप. भामरागडच्या पर्लकोटा नदीवरील, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलासारखे पूल ज्या भागात आहेत, तेथे ‘पुलाचे स्वरूप’ या शब्दांना वजन आहे. मर्यादा लागू होण्यास दोन गोष्टी लागतात : राजपत्रातील अधिसूचना आणि कलम 116 खाली योग्य जागी उभारलेले चिन्ह. कागद निघाला पण फलक लागला नाही, किंवा फलक लागला पण कागद नाही, तर निर्बंध लंगडा राहतो. दुसरा प्रकारच अधिक आढळतो, असे या नोंदीचे मत आहे.

एक महिन्यापेक्षा जास्त न टिकणाऱ्या वेगनिर्बंधाला राजपत्राची गरज नाही. कलम 115 खाली रस्ता किंवा पूल ठरावीक वाहनांना बंद करता येतो. तेथेही महिन्याच्या आतल्या आदेशाला स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33(1)(ब) खाली रस्त्यावरील रहदारीचे नियमन करण्याचा अधिकार आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांना आहे. चंद्रपुरात चैत्रातील महाकाली यात्रा किंवा 15–16 ऑक्टोबरचा धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन अशा गर्दीच्या दिवसांत जटपुरा गेटच्या आतबाहेरची वाहतूक वळवणे, हे या तात्पुरत्या अधिकारांचे क्षेत्र होय. परकोटाच्या दरवाजातून जाणारा रस्ता रुंद करता येत नाही. नियमनच करावे लागते.

शाळा-परिसराविषयी गैरसमज फार आहे. शाळेभोवती आपोआप लागू होणारी वेगमर्यादा मोटार वाहन अधिनियमात नाही. तंबाखूविषयक 2003 च्या कायद्यात शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. वेगाच्या बाबतीत असे ठरलेले अंतर नाही. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांचे तीन वर्ग आहेत : सक्तीची, सावधगिरीची व माहितीची. ‘पुढे शाळा आहे’ हे लाल किनारीचे त्रिकोणी चिन्ह सावधगिरीच्या वर्गात येते. ते सावध करते. मर्यादा घालत नाही. लाल वर्तुळात 25 किंवा 30 असा आकडा असलेले चिन्ह सक्तीचे, आणि कलम 119 खाली पाळावे लागते ते हेच. आश्रमशाळेपुढे नुसता त्रिकोण लावून ‘शाळा-परिसर घोषित केला’ असे मानणे कायद्याला धरून नाही. चंद्रपूर–मूल रस्त्यासारख्या जंगलातून जाणाऱ्या मार्गांवर वन्यप्राणी रस्ता ओलांडतात म्हणून वाहने सावकाश हाकण्यास सांगणारे फलकही, आकडा व अधिसूचना नसेल तर, याच जातीचे. वनखात्याचे हुकमी अधिकार वेगळ्या कायद्यांतून येतात. अभयारण्यात प्रवेश सामान्यतः परवान्याने, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 सांगतो. तर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 25 प्रमाणे राखीव वनातील वाट शासनाच्या पूर्वमंजुरीने बंद करता येते, मात्र पर्यायी वाट असावी किंवा द्यावी लागते.

शाळेच्या फाटकापुढे वाहन उभे करण्याची गोष्ट मात्र उलट आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, 2017 नुसार बसथांबा, शाळा किंवा रुग्णालयाचे प्रवेशद्वार यांजवळ वाहन उभे करण्यास मुळातच मनाई आहे. त्यासाठी स्थानिक अधिसूचना लागत नाही. एरवी वाहने कोठे उभी करावीत व प्रवासी वाहनांनी कोठे थांबावे, हे कलम 117 खाली स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरते : चंद्रपुरात 2011 मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका, गडचिरोलीत नगरपरिषद. पालिकेने रंगवलेला पट्टा म्हणजे प्राधिकाऱ्याचा निर्णय नव्हे. धोकादायक रीतीने सोडलेल्या वाहनासाठी कलम 122 स्वतंत्र आहे.

खेड्यात वेगावर काढलेला तोडगा म्हणजे गतिरोधक. अपघात झाला की गावकरी मुरूम-गिट्टीचा उंचवटा घालतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मी. रुंद व 10 सेंमी. उंच असतो आणि सुमारे 25 किमी. वेगाने ओलांडण्यासाठी आखलेला असतो. हातभर रुंदीचा, कमरेला हिसका देणारा उंचवटा त्यात बसत नाही. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढण्याच्या सूचना केंद्राने 2016 मध्ये दिल्या. गडचिरोली–धानोरा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 930 चा भाग. त्यावरच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार आला. पण त्याच बांबूचा ट्रक गावापुढून किती वेगाने जावा, हे ठरवणे ग्रामसभेच्या हाती नाही. ठराव करता येतो, निर्बंध नाही. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची शिफारसही अधिसूचनेची जागा घेत नाही.

कोळसा व लोहखनिजाच्या वाहतुकीमुळे या जिल्ह्यांत आणखी दोन तरतुदी महत्त्वाच्या ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 118 प्रमाणे डंपर, टँकर व स्कूलबसच्या वेगनियंत्रकाची मर्यादा 60 किमी. आहे, ही वाहनाला बांधलेली मर्यादा, रस्त्याला नव्हे. दुसरी तरतूद कलम 183 मध्ये दडलेली आहे : वेग मोडल्याशिवाय पुरीच होणार नाही अशी वेळ एखाद्या फेरीला बांधून दिली असेल, तर ते वेळापत्रक किंवा हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. ट्रिपांवर पैसे मिळणाऱ्या चालकापलीकडे मालकापर्यंत पोहोचणारी ही वाट क्वचितच चोखाळली जाते. 2019 च्या दुरुस्तीनंतर वेगभंगाचा दंड हलक्या वाहनास 1000 ते 2000 रु., मध्यम व जड वाहनास 2000 ते 4000 रु. आहे. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही; यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो.

शाळेपुढे मर्यादा हवी असल्यास ग्रामपंचायतीने वा शाळा व्यवस्थापन समितीने अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे करावा व प्रत रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या बांधकाम विभागाला, राष्ट्रीय महामार्ग विभागाला किंवा जिल्हा परिषदेला द्यावी. रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर, मागितलेला वेग आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहाव्यात. फलक आधीच लागलेला असेल, तर त्यामागच्या अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली मागता येतो.